दोन्ही वेळा सूंऽऽ!

"संपलं! सुट्टी संपायच्या आधी आपणच संपलो!" मिरचीने जुन्या टायरवर बसकण मारली.

तिचा चुलतभाऊ प्रोफेसर शेजारच्या टायरवर टेकला. उद्या ट्रक येणार, काका दुसऱ्या गावी वेगळं गॅरेज काढणार, आणि प्रोफेसर नि त्याची धाकटी बहीण शेपूट त्याच ट्रकमधून जाणार. कारण? चढाच्या शर्यतीसाठी गॅरेजच्या जुन्या पेट्रोल गाडीला सुपरचार्जर लावायचा की टर्बो!

काम दोघांचं एकच, इंजिनात जास्त हवा कोंबायची.

"सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. पाय दाबला की गाडी सुटली!" हे मिरचीचे बाबा.

"आणि फिरायला ताकद इंजिनाचीच खातो! टर्बो बाहेर जाणाऱ्या फुकट धुरावर फिरतो." हे काका.

"फिरतो, पण आळोखेपिळोखे देऊन!"

दोघंही शहाणे होते. त्यामुळे कुणी कुणाचं ऐकेना, आणि अबोला सुरू झाला.

काल टर्बो लावून पाहिला, आज सुपरचार्जर. दोन्ही वेळा गाडी चढावर धापा टाकत थांबली. "तूच काहीतरी केलंस!" एवढं मात्र दोघांनी अबोल्यातही बोलून घेतलं.

"पण दादा, दोन्ही वेळा सूंऽऽ झालं," शेपूट म्हणाली.

"टर्बो शिट्टी मारतोच, वेडे!"

"आणि सुपरचार्जर?" मिरची ताडकन उठली. "तो तर किंचाळतो! दोन्ही वेळा सारखं काय होतं?"

"भांडण."

"ते सोडून गं!"

प्रोफेसर बॉनेटखाली वाकला. "इंजिनात हवा नेणारा हा शेवटचा रबरी पाइप! तो बदललेलाच नाही!"

गाडीला हात लावायची मुलांना बंदी होती. पण बाबा एका कोपऱ्यात, काका दुसऱ्यात, आणि दोघांच्याही पाठी गाडीकडे. अशी सोय रोज मिळत नाही! इंजिन थंड झालं होतं. मुलांनी पाइप काढला, एका टोकाला बोळा कोंबला, पंक्चरच्या टबात बुडवला. मिरचीने दुसऱ्या टोकातून जीव खाऊन फुंकर मारली.

बुडबुडे! खालच्या बाजूला चीर होती. एरवी मिटलेली, हवेचा जोर आला की उघडणारी!

"बाबा! काका! इकडे या!"

दोघांनी टबात पाहिलं आणि माना खाली घातल्या. एकाने बसवायचं, दुसऱ्याने तपासायचं, ही या गॅरेजची जुनी रीत. अबोल्यात प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने पाहिलं असेल.

"शाब्बास रे पोरांनो!" बाबा म्हणाले.

"आमची अक्कल टबात बुडवून दाखवलीत!" काका म्हणाले. मग ते चढाच्या रस्त्याकडे वळले. "वळणं फार आहेत. दर वळणाला माझा टर्बो जागा होईपर्यंत बाकीचे पुढे जातील. तुझाच लाव."

"तपासायला तू लागशील."

काकांनी फोन काढला. "ट्रक उद्या नको. शर्यत झाल्यावर बघू."

ट्रक नकोच, असं ते म्हणाले नव्हते. बघू म्हणाले होते. मिरचीला हुंदका आवरेना.

"कौतुक झालं की ही अशीच रडते," बाबा अभिमानाने म्हणाले.