एक शीट, पाटस

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. असतं तर मी निदान एखादी पांढऱ्या साडीतली बाई तरी घातली असती. इथं बाई नाही, पिंपळ नाही, विहीर नाही.

एक जीप आहे. वरवंडला संघर्षच्या अंगणात उभी आहे. ज्याला खोटं वाटेल त्यानं येऊन बघावी.

आत मात्र बसू नये.

गेल्या वर्षी थंडी नुकती पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. अमावस्या होती का ते माहीत नाही, कारण संघर्षच्या घरात कुणी पंचांग बघत नाही. वार बुधवार, वेळ दिवेलागणीची. बुधवारी त्याची सुट्टी असते.

संघर्ष माझा आतेभाऊ. कंपनीत फिटर आहे. भुतांबद्दल त्याचं मत असं, की ती खरी असती तर कंपनीनं त्यांना कंत्राटावर घेतलं असतं.

ती जीप त्यानं कवठे येमाईच्या हरिबामामांकडून आणली. चारही चाकं ओढणारी, जुनी, लांब गाडी. एके काळी वडापला चालायची, म्हणजे मागं माणसं, वडापवाल्यांच्या भाषेत 'शीटं', कोंबून बाजाराला न्यायची. नंतर कितीतरी वर्षं कडुलिंबाखाली पडून होती. पत्र्याचा पापड झाला होता. बोट लावलं की तुकडा पडायचा.

संघर्षला ती हवी होती आबांसाठी. त्याचे वडील, चांगदेवआबा, हयातभर पाटस-दौंड रोडला वडापच चालवत होते. जीप आणायच्या दोन वर्षं आधी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पुन्हा झटका आला तर सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून संघर्षच्या डोक्यात एकच होतं. आबांना एकदा शेजारी बसवून हायवेनं फिरवायचं. त्याआधी आबांना काही व्हायला नको.

रोज ड्युटीवरून आला की तो अंगणात गंज घासत बसायचा. सडलेला पत्रा कापायचा, नवा वेल्ड करायचा. आबा ओसरीतल्या बाजेवरून बघायचे. काही चुकलं की डाव्या हातानं बाज बडवायचे.

त्या बुधवारी इंजिन बसलं. पण सुरू होईना. स्टार्टर नुसता कण्हायचा. आबांचा चेहरा पडला.

त्यांना हसवावं म्हणून संघर्ष स्टिअरिंगमागं पेंटच्या उपड्या डब्यावर बसला, कारण सीट अजून बसवल्याच नव्हत्या. आणि वडापवाले देतात तशी खणखणीत हाळी दिली.

"चला पाटस, पाटस, पाटस! बसा मावशी, लगीच निघाली!"

आबा अर्ध्या तोंडानं हसले.

आणि...

मागच्या स्प्रिंगचे पाटे करकरले. जीप मागून खाली बसली.

कुणीतरी चढल्यासारखी.

संघर्षनं वाकून बघितलं. पाट्यांची पिन गंजली होती. फिटरला तेवढं कारण पुरतं. तो हात धुऊन जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, कुणी हाळी न देता... कर्र.

तिसऱ्या दिवशी पुन्हा.

जीप रोज थोडी खाली बसत होती. आणि वास येत होते. एक दिवस मेथीचा. एक दिवस बिडीचा. मग ओल्या घोंगडीचा. शनिवारी तर सुक्या बोंबलाचा वास इतका आला की संघर्षची आई, करुणाआत्या, शेजारी जाऊन कुणी भाजलेत ते विचारून आली. कुणीच भाजले नव्हते.

मग बांगड्या वाजल्या.

मग रिकाम्या जीपमधून, अगदी स्पष्ट...

"सरका की जरा."

संघर्ष म्हणतो, एखादं भूत असतं तर चालवून घेतलं असतं. हे जागेवरून भांडत होते.

त्यानं हरिबामामांना फोन लावला. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"हाळी दिलीस का रं?"

"गंमत म्हणून दिली, मामा."

"त्यांला काय म्हाईत गंमत? आता भरल्याबिगर ती हलायची न्हाई. आन् भरली की थांबायची न्हाई."

मामांच्या वडिलांनी त्या जीपला हाळी द्यायची मनाई केली होती. का, ते वडिलांनी सांगितलं नाही आणि मामांनी विचारलं नाही. कोंबड्यासुद्धा तिच्यात कधी बसल्या नाहीत, हेही त्यांना त्या दिवशी आठवलं. विकताना आठवलं नव्हतं. शेवटी म्हणाले, ड्रायव्हरच्या शेजारची जागा मानाची, ती सगळ्यात शेवटी भरते. तेवढी जप.

त्याच जागेवर तो आबांना बसवणार होता.

फोन ठेवून तो ओसरीत आला. कूस बदलायलाही माणूस लागणारे आबा बाजेच्या कडेला उठून बसले होते. एका पायात चप्पल होती. दुसरा पाय चप्पल शोधत होता.

आणि दोन वर्षांत पहिल्यांदा आबा बोलले...

"एक शीट ऱ्हायलीय."

त्या रात्री संघर्ष आबांच्या बाजेला हात लावून जमिनीवर झोपला. म्हणजे पडून राहिला.

पुढच्या बुधवारी त्यानं ठरवलं, गाडी चालायच्या लायकीचीच ठेवायची नाही. बॅटरी काढून बाजेखाली सरकवली. मग पाना घेऊन जीपखाली शिरला. इंजिनाचा जोर चाकांना नेणारा दांडा सोडवला की काम झालं. संध्याकाळ होती. आत्या वंदनेला विहारात गेलेली. लाइट गेलेली.

एक नट सुटला.

आणि जीप... हळूहळू खाली यायला लागली.

लोखंड छातीला टेकलं. पाना धरलेला हात अडकला. सरकता येईना. श्वास अर्धाही जाईना.

मग त्याला पाय दिसले.

आबांचे. दोन्ही चपला घातलेले. सावकाश, कुणाचाही आधार न घेता, चालत येणारे.

ते जीपच्या डाव्या बाजूला, मानाच्या जागेशी थांबले. एक पाय वर उचलला गेला.

आबा, नका बसू, असं ओरडायचं होतं. पण जीव घाबरा झाला की माणूस लहानपणापासून ऐकलेलं बोलतो. संघर्ष वडापवाल्याचा पोरगा.

"ओ! ते शीट न्हाईत! ड्रायव्हर हायेत ते! ड्रायव्हर शिटात धरत न्हाईत!"

सगळं शांत झालं. बांगड्यासुद्धा.

पाय पुन्हा जमिनीवर आला. छातीवरचं लोखंड हलकं झालं. संघर्षला वाटलं, जमलं.

तेवढ्यात वरून कुणीतरी मोठ्या समाधानानं म्हणालं...

"मग ड्रायव्हर आला की. चला."

आबांचे पाय पुढून वळसा घालून उजव्या बाजूला गेले. आणि वर गेले.

मागच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या. धप. धप.

आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

जीप त्याच्या अंगावरून निघून गेली. तो उठला, मोटारसायकलला किक मारली आणि हायवेला लागला. वाटेत प्रत्येक सावलीत त्याला उलटलेली जीप दिसत होती.

ती पाटसच्या स्टँडजवळ सापडली. नीट कडेला लावलेली. मागचे पाटे वर उचललेले. आबा स्टिअरिंगवर, घामानं थबथबलेले. जिवंत.

चहावाला म्हणाला, म्हातारा गाडी मस्त चालवतो. फक्त रिकाम्या गाडीकडं बघून बराच वेळ "सावकाश उतरा, घाई न्हाई" म्हणत होता.

डॉक्टर खूश आहेत. आबा आता काठी घेऊन चालतात, बोलतात. आत्या येईल त्याला पेढे देते. संघर्ष तेवढा खंगत चाललाय.

कारण घरी आल्यावर आबांनी सांगितलं, "समद्यांला सोडलं. बाजार उठला की न्यायला ये म्हणालेत."

कोणता बाजार, कधी उठणार, ते आबांनाही माहीत नाही.

संघर्षनं जीपची चारही चाकं काढली आणि नातेवाइकांत वाटली. एक आमच्याकडं आहे. इंजिन भंगारात घातलं. जीप विटांवर उभी आहे. तरी रोज दिवे लागले की आबा चपला घालून बाजेच्या कडेला बसतात, कान देऊन. आणि संघर्ष त्यांच्या समोर दारात बसतो. संध्याकाळची शिफ्ट त्यानं कायमची सोडलीय.

परवा त्यानं आबांना स्पष्ट सांगितलं. आता ती गाडी जायची नाही. चाकं नाहीत, इंजिन नाही.

आबांनी त्याच्याकडं बघितलं. पोराला एवढंही कळत नाही, असं.

"तवा बॅटरी तरी कुठं व्हती?"