हिरव्या शाईतली दुरुस्ती

सिनेमा खरा वाटला म्हणून तुम्ही लिहिणारीला आत टाकलंत, आणि ज्याने तो खरा केला त्याला थंड माल्ट पाजताय!

हे वाक्य इन्स्पेक्टर ओसारेटिन सकाळपासून घोकत होता. ओगांसमोर, म्हणजे वरिष्ठांसमोर, ते तोंडातून निघेल याची मात्र त्याला खात्री नव्हती.

मार्चमध्ये लेगॉसच्या एका बँकेतून नव्वद कोटी नायरा गेले. जूनमध्ये एबिएरेने लिहिलेला हेरपट लागला. त्यातला खलनायक अगदी तस्साच पैसा पळवतो. बँकेच्या तपासणी विभागाचे प्रमुख अकिनलाबी यांनी हिरव्या शाईत तक्रार खरडली. एबिएरे कोठडीत. उद्या कोर्ट.

"ही युक्ती तुला सुचली कशी?" ओसारेटिनने तिला विचारलं.

"मला? साहेब, माझा खलनायक होडीत बसून फोनचं एक बटण दाबत होता! निर्मात्याने संहिता कुणा जाणकाराला दाखवली. नाव सांगत नाही मेला. परत आली तर समासात लिहिलेलं, 'असं होत नाही'."

"मग कसं होतं?"

"तेही त्यानेच लिहिलेलं. दोन अधिकाऱ्यांची मंजुरी लागते. मंजुरीचे गुप्त आकडे देणारं छोटं यंत्र ज्याचं त्याचं. पण शुक्रवारी पुलावरची कोंडी चुकवायला एक जण तीनलाच पळतो, आणि यंत्र शेजाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये टाकून जातो. मग दोन्ही मंजुऱ्या एकाच्याच हातात."

"कुठाय ती संहिता?"

"आईकडे. तिने त्यात सुकी मासळी बांधली नसेल तर."

बांधली नव्हती.

आता ओगांच्या खोलीत अकिनलाबी माल्टची बाटली घेऊन ऐसपैस बसले होते. ओसारेटिनने संहिता आणि तक्रार शेजारी शेजारी ठेवली.

"बँकेत हिरवी शाई फक्त तपासणीवाले वापरतात, ओगा. दोन्हींत अक्षर एकच. सातच्या आकड्यावरची आडवी रेघसुद्धा तीच. दुरुस्तीखाली तारीख जानेवारीची. यांनी चोरी आधी सिनेमात घातली, मग केली. संशयित आयता तयार! फक्त चूक दिसली आणि हात सवयीने हिरव्या पेनाकडे गेला."

अकिनलाबींनी खिशातल्या पेनावर हात ठेवला. मग हसले.

"होडीतून पैसे काढायला लावत होती बाई. वाचवेना मला."

ओगांनी दोन्ही कागद उचलले, ड्रॉवरमध्ये टाकले, कुलूप लावलं. किल्ली खिशात गेली.

"सिनेमाचे कागद म्हणजे काय पुरावा आहे का, ओसारेटिन? जा, काम कर."

त्याच्या हातात काहीच उरलं नव्हतं. पाय दाराकडे वळले, पण तो उंबऱ्यातच थांबला.

"सिनेमा पुरावा नाही ना, ओगा? मग एबिएरे आत का आहे? सांगा ना. का आहे?"