सरकलेली रेघ

"मामा, रेघ पुन्हा सरकलीय. तू आत्ताच्या आत्ता ये."

भाचीने फोन आपटलाच. मामांच्या हातात दाढीचा ब्रश होता आणि अर्ध्या गालावर साबण. ते फौजदार होते तेव्हा तक्रार करणारे निदान नाव-पत्ता तरी सांगायचे. रेघ सरकली म्हणे! रिटायर झालेल्या माणसाने धड दाढीसुद्धा करायची नाही, असा या घरात नियमच असावा.

तरी मामा गेले, कारण भाचीच्या आवाजात रडू होतं.

तिच्या घरामागे सिमेंटचा जुना स्लॅब होता, ऐसपैस आणि मोकळा. त्यावर ती लाकडी खोली बांधत होती. वाचताना अडखळणाऱ्या मुलांसाठी तिला स्वतःचा वर्ग काढायचा होता. शाळेतल्या नोकरीचा राजीनामा देऊन झाला होता, पालकांना तारीख देऊन झाली होती, आणि खोलीची एक भिंत उभी राहायला तयार नव्हती.

भिंती कुठे येणार ते दाखवायला सुतार गेरूत भिजवलेली दोरी ताणून स्लॅबवर रेघा मारायचा. सकाळी यावं तर गेटाकडची रेघ आत सरकलेली. कोणीतरी जुनी रेघ ओल्या फडक्याने पुसून नवी मारलेली. पहिल्यांदा सुताराला वाटलं, आपलंच चुकलं. त्याने पुन्हा मापं घेऊन रेघ मारली, ती पुन्हा सरकली. आज तिसरी खेप. तळाच्या चौकटी जुन्या मापाने कापून तयार होत्या, त्या आता ठेवायच्या कुठे, भाचीच्या डोक्यावर?

"हा सुतारच काहीतरी घोळ करतोय," ती म्हणाली. "काम लांबवायचं असेल. मी त्याला तोंडावर म्हटलं, चोर आहेस तू."

"आधी बघू दे," मामा म्हणाले.

ते गुडघे कुरकुरत असताना खाली वाकले. सरकलेली रेघ एकदम सरळ होती. बाजूच्या रेघांशी काटकोनही बरोबर जुळवलेला. खोडी काढणारा माणूस एवढे कष्ट घेत नाही. सुताराच्या बाकी रेघांच्या एका टोकाला सिमेंटमध्ये खिळ्याचं बारीक भोक होतं. सरकलेल्या रेघेच्या एकाही टोकाला ते नव्हतं. मामांनी दोनदा बोट फिरवून पाहिलं.

मग त्यांनी सुताराला गाठलं. तो तोंड पाडून हत्यारं पिशवीत भरत होता.

"तूच चुकतोयस का रे?"

"साहेब, माणूस एकदा चुकेल. रोज तीच चूक करायला डोकं लागतं."

"दोरी धरायला सोबत कोण असतं?"

"कोणी नाही. एक टोक खिळ्याला, दुसरं हातात. एकट्या माणसाने आणखी काय करायचं?"

"लाकूड तिकडे मागच्या भिंतीपाशी का रचलंस? गेट तर इथे आहे."

"इथेच उतरवलं होतं! ताईंच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, आरडाओरडा करून तिकडे न्यायला लावलं. माझी कंबर मोडली. वर ताई मला चोर म्हणतात. मी निघालो. आज ड्रिल आणलं होतं, तेही परत नेतो."

"ड्रिल कशाला?"

"चौकट स्लॅबला बोल्टने आवळायची. त्यासाठी रेघेवर खोल भोकं पाडायची."

"थांब जरा. तासभर मला दे."

शेजारचे काका कुंपणावरून सगळं ऐकतच होते. एकटा जीव, त्यात हात गळ्यात बांधलेला. पण कान शाबूत.

"खोली होऊ नये असं तुम्हाला वाटतं, खरं की नाही?" मामांनी विचारलं.

"वाटतंच! माझ्या खिडकीचा वारा जाणार. मी हे लपवलंय कुठे?"

"मग रेघ तुम्ही सरकवलीत?"

"अहो, माझ्या बाजूची रेघ जागच्या जागी आहे. सरकलीय ती गेटाकडची. त्याने माझ्या वाऱ्याला काय फरक पडतो? आणि हा हात दिसतोय ना?"

बरोबर होतं. मामा आणखी वैतागले. ज्याच्यावर संशय घ्यावा तोच मेला बरोबर बोलत होता.

भाचीचा नवरा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून चहा पीत होता.

"जावईबापू, रात्री काही आवाज ऐकलात?"

"छे! मी झोपलो की मेलो."

"खोलीबद्दल तुमचं काय म्हणणं?"

"मी एवढंच म्हटलं होतं, जरा छोटी करूया. तर हिने घर डोक्यावर घेतलं. चार बाकं मावायलाच हवीत म्हणे. रडलीसुद्धा."

त्याचे वडील, आप्पा, मागच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. नजर सारखी ड्रिलच्या पिशवीकडे.

"आप्पा, हा स्लॅब कधीचा?"

"यांच्या लग्नातला. जेवणाची टेबलं मांडायला जागा हवी होती, म्हणून घाईने घातला. अजून एक तडा नाही!"

"त्याआधी इथे काय होतं?"

"माती. दुसरं काय असणार?" उत्तर जरा लवकरच आलं. "ते ड्रिल आज लावणार आहेत का हो?"

मामा उठले आणि काठी आपटत स्लॅबवर चालू लागले. मागच्या भिंतीपासून गेटापर्यंत, तिथून परत, पुन्हा गेटापर्यंत. भाचीला वाटलं, मामा चिडलेत. चिडलेले तर होतेच.

"सगळ्यांना बोलाव," ते तिला म्हणाले. "सुतारालाही. आणि गेटापाशी कोणी उभं राहायचं नाही."

सगळे मागच्या भिंतीपाशी जमले. काका कुंपणावर होतेच.

"खोली बंद पाडायची असती, तर कोणी लाकूड पळवलं असतं, चौकटी मोडल्या असत्या," मामा म्हणाले. "या माणसाने काटकोन सांभाळून रेघ मारली. म्हणजे त्याला खोली हवी होती, फक्त गेटापासून लांब. का? तिकडे काय आहे?"

सगळ्यांच्या माना गेटाकडे वळल्या.

"लाकडाचा भार गेटापाशी नको म्हणून आरडाओरडा झाला. ड्रिलची चौकशी झाली. आता ऐका." मामांनी जवळ काठी आपटली. ठक. मग सरकलेल्या रेघेपर्यंत जाऊन हात लांब करून पलीकडे आपटली. आवाज खालून आला, रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा. "इथे स्लॅबखाली जमीनच नाही. आप्पा, माती म्हणालात ना? काय आहे खाली?"

आप्पांचा चेहरा उतरला. "सेप्टिक टँक," ते कसेबसे म्हणाले. "जुनी, बंद पडलेली. भरून घ्यायची होती. लग्न तोंडावर आलं, माणसं मिळेनात. वर फळ्या टाकल्या आणि स्लॅब ओतून घेतला. सगळ्यांना सांगितलं, भरली. फळ्या आता कुजल्या असतील."

"पण आप्पा एकटे कसे?" भाचीने विचारलं. "त्यांना तर धड वाकताही येत नाही."

"एकटे नव्हतेच. एकटा माणूस दोरीचं टोक खिळ्याला बांधतो. सरकलेल्या रेघेला खिळ्याचं भोक नाही. दोन टोकांना दोन माणसं होती. सुतार एकटा, काका एकटे. खोली जरा छोटी करूया, असं या घरात कोण म्हणालं होतं?"

भाची सावकाश नवऱ्याकडे वळली. त्याने मान खाली घातली.

"आप्पांनी शपथ घातली होती," तो पुटपुटला. "आणि तू रडलीस ना, मग माझी हिंमतच झाली नाही."

"रडले असते तर रडले असते!" ती ओरडली. "रडून कोणी टाकीत पडत नाही! इथे मुलं बसणार होती, आप्पा. लोकांची लहान मुलं. आणि तुम्ही दोघं मूग गिळून रेघा पुसत बसलात? मी या भल्या माणसाला चोर म्हणाले, तेव्हाही गप्प?"

"सांगायला तोंड नव्हतं गं," आप्पा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "ज्या जागेवर तुझ्या लग्नाचं जेवण घातलं, ती पोकळ होती हे सुनेला कसं सांगू?"

ती सुताराकडे गेली. "दादा, माझं चुकलं. माफ करा. ही टाकी फोडून भरून घेऊ. तोवर खोली मागे सरकवून, लहान बांधायची. चौकटी कापता येतील?"

"कापता येतील, ताई. पण चार बाकं नाही मावणार."

"तीन मावतील." तिने ओलं फडकं उचललं आणि नवऱ्याच्या अंगावर फेकलं. "ही रेघ पूस आधी."

त्याने निमूटपणे पुसली. तिने गेरूची दोरी घेतली, एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं आप्पांच्या.

"खिळा ठोकू का, ताई?" सुताराने विचारलं.

"नको. हे दोघं आहेत ना. धरा घट्ट, सगळ्यांच्या देखत."

बाप-लेक खाली वाकले. आप्पांच्या बोटांतून टोक निसटलं, तेव्हा ती त्यांच्याजवळ बसली आणि त्यांच्या हातावर हात ठेवून तिने टोक दाबून धरलं. सुताराने दोरी मधोमध उचलून सोडली.

रेघ बरोबर तिथेच उमटली, जिथे ती सकाळी होती.