बेटांच्या देशाचं मत

बसचालक बाई गणवेशातच आली होती. खुर्चीवर टेकायच्या आत तिने सांगून टाकलं, "माझ्या पोराला शाळेतून काढणार आहेत. त्याने काही केलेलं नाही."

"कशावरून?" वहिनींनी विचारलं.

"तो माझा मुलगा आहे, यावरून."

वहिनींचं अर्धं आयुष्य न्यायालयात लघुलेखन करण्यात गेलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी खासगी तपासाचं काम सुरू केलं, आणि त्यांचे धाकटे दीर, दातांचे डॉक्टर, दवाखाना बंद करून मदतीला आले. मदत म्हणजे गाडी चालवणं आणि भलतेच प्रश्न विचारणं.

प्रकरण असं होतं. मुलाच्या शाळेत शहरातल्या सगळ्या शाळांची नकली शिखर परिषद भरली होती. प्रत्येक मूल एकेका देशाचं प्रतिनिधी. युद्धातून पळून आलेल्यांसाठी सीमा उघडाव्यात, असा ठराव काल मताला आला. बेटांच्या देशाची प्रतिनिधी मुलगी मतदानाआधी शेवटचं भाषण करणार होती. नेमकी तीच गायब झाली आणि ठराव एका मताने पडला. नंतर ती रंगमंचामागच्या सामानाच्या खोलीत सापडली. दाराला बाहेरून कडी होती.

बसचालक बाईचा मुलगा विरोधी गटाचा म्होरक्या. सतत वाद घालतो म्हणून सगळे त्याला 'वकील'च म्हणत. "बेटांचं मत पडूच देणार नाही!" असं तो मधल्या सुट्टीत सगळ्यांदेखत ओरडला होता. शिवाय मतदानाच्या आधी तो बराच वेळ सभागृहाबाहेर होता.

"आज दुपारी प्राचार्याबाई निकाल देणार आहेत," बाई म्हणाली.

"भावजी, गाडी काढा," वहिनी म्हणाल्या.

शाळेत वकील जिन्याखाली एकटाच बसला होता.

"त्या मुलीचं नाव काय रे?" वहिनींनी विचारलं.

"बेटं."

"खरं नाव."

"माहीत नाही. ती दुसऱ्या शाळेची आहे. इथे सगळ्यांना देशाच्याच नावाने हाक मारायची. नाव घेतलं की गुण कापतात."

"मतदानाआधी कुठे होतास?"

त्याची मान खाली गेली. "उलटी होत होती. मोठं भाषण असलं की होते मला. कुणाला सांगू नका. हसतील."

सामानाच्या खोलीला खिडकी नव्हती. आत झेंड्यांच्या काठ्या आणि मोडक्या खुर्च्या. दिव्याचं बटण बाहेर, कडीच्या शेजारी. शिपाई म्हणाला, "दाराखालून उजेड दिसला म्हणून उघडलं. एरवी इकडे कोण कशाला येतंय?"

वहिनींनी डॉक्टरांना आत कोंडलं आणि स्वतः सभागृहात जाऊन बसल्या. डॉक्टरांनी आतून अक्कलदाढेवरचं आपलं जुनं व्याख्यान मोठ्या आवाजात सुरू केलं. सभागृहात शब्द न् शब्द ऐकू आला.

"समजलं का काही?" बाहेर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं.

"हो. दाढ काढताना तुम्ही रोग्याला फार बोलून छळत असणार."

मुलीला तयार करणारे तिच्या शाळेचे सर वैतागलेलेच होते. "चोख भाषण लिहून दिलं होतं मी. पहिल्या रांगेत कोण होतं ठाऊक आहे? बाहेरून आलेल्यांना राहायचे परवाने देणारे बडे साहेब! आणि ही ऐन वेळी म्हणते, सर, मी माझंच बोलणार, माझ्या आईबद्दल. म्हटलं, हा काय आईचा वाढदिवस आहे?"

"भांडण झालं?"

"झालं. पण कोंडीन कशाला? तिचं बक्षीस ते माझंच." बोलता बोलता सरांनी रिकाम्या वर्गात शिरून दिवा बंद केला, पुढच्या वर्गातला पंखा बंद केला. "कुणाला काही पडलेलंच नाही. कुठल्याही शाळेत जा, ही बटणं बंद करणारा मी एकटा."

मुलगी आईला बिलगून बाकावर बसली होती. आई कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. काल भाषण ऐकायला सुट्टी घेऊन आली होती. बोटांना सुयांच्या खुणा होत्या. दोघी सीमेपलीकडून दोन वर्षांपूर्वी आलेल्या.

"मागून कुणीतरी नावाने हाक मारली," मुलगी म्हणाली. "मी त्या खोलीत गेले. दार लागलं. मी खूप ओरडले, पण कुणाला ऐकूच गेलं नाही."

"घाबरली असशील," डॉक्टर म्हणाले.

"नाही. दिवा होता."

"तिला अंधार सोसत नाही," आई पटकन म्हणाली. "ट्रकमध्ये लपून आलो ना आम्ही, तेव्हापासून."

"आता परवाना मिळाला असेल?" वहिनींनी विचारलं.

"कच्चा. पोटचं मूल म्हणून हिला माझ्याबरोबर राहू देतात. सुनावणी व्हायची आहे."

डॉक्टर मुलीकडे कौतुकाने बघत होते. "दात छान आहेत हं! पहिला दात कधी आला हिला?"

आई गोंधळली. "आता... आठवत नाही."

"भावजी, पुरे," वहिनी म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

दुपारी प्राचार्याबाईंच्या खोलीत सगळे जमले. वहिनी उभ्याच राहिल्या.

"वकिलाने हे केलेलं नाही. मुलीला नावाने हाक मारली गेली, आणि त्याला ते नाव ठाऊकच नाही. म्हणजे हाक मारणारं माणूस तिच्या जवळचं होतं."

सगळ्यांचे डोळे सरांकडे वळले.

"सरही नाहीत. कोंडणाऱ्याने दिवा चालू ठेवला. बटण हाताशी होतं. उजेड दिसला की दार उघडलं जाणार हे उघड आहे. तरीही तिला अंधारात ठेवणं त्या माणसाला जमलं नाही. सर तर रिकाम्या वर्गातलासुद्धा दिवा चालू ठेवत नाहीत. आणि मुलगी ओरडलेलीच नाही. ओरडली असती तर सभागृहात ऐकू आलं असतं. आवाज ओळखीचा होता. तिला त्या माणसाला वाचवायचं होतं."

आई खाली बघत होती. मुलीने तिचा हात घट्ट धरला.

"आईने?" प्राचार्याबाई चमकल्या. "पोटच्या पोरीला? का म्हणून?"

"कारण घरगुती आहे. मुलगा निर्दोष आहे, एवढं पुरे."

"मुळीच पुरे नाही," सर म्हणाले. "उद्या लोक म्हणतील, गरीब बाईवर ढकललं आणि पोराला सोडवलं."

बसचालक बाई वहिनींकडे आशेने बघत होती. वहिनी क्षणभर थांबल्या. मग न थांबता बोलत गेल्या, एकदा सुरू झालेला निकाल वाचून संपवावा तशा. "मुलगी आईबद्दल बोलणार होती, परवाना देणाऱ्या साहेबांच्या समोर. शेजारी बसलेलीच तिची आई असती, तर त्यात भिण्यासारखं काय होतं? पण पहिला दात कधी आला, हे या बाईंना सांगता आलं नाही. परवाना फक्त पोटच्या मुलाला मिळतो. भाषण झालं असतं, तर..."

"ती माझ्या बहिणीची," मुलीचा हात न सोडता ती बाई म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "बहीण तिकडेच राहिली. ट्रकमध्ये जागा दोघींपुरतीच होती. तिने हिला माझ्या हातात दिलं आणि स्वतः खाली उतरली. ही पोर ते सगळ्यांसमोर सांगणार होती. मी काय करायला हवं होतं?"

वकिलाने आपल्या आईकडे बघितलं.

"तुला दोष लागला, ते चुकलं," मुलीची मावशी त्याला म्हणाली. "सांगायला दोनदा दारापर्यंत आले. पाय उचलला नाही."

प्राचार्याबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मुलगा सुटला. पण आता हे मला परवाना कार्यालयाला कळवावं लागेल. इतक्या जणांनी ऐकलंय. माझा नाइलाज आहे."

"मला शाळेतून काढा," वकील एकदम म्हणाला. "मीच कोंडलं असं लिहा ना!"

त्याच्या आईने त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. ती रडत होती, आणि जाता जाता पुन्हा पुन्हा वहिनींचे आभार मानत होती.

सभागृहात फेरमतदान झालं. बेटांच्या खुर्चीवर दुसरीच मुलगी बसवली होती. ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला आणि टाळ्यांचा कडकडाट जिन्यापर्यंत आला.

मावशी पुढे पायऱ्या उतरत होती. मुलगी मागे वळून वहिनींसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही आधी मला एकटीला विचारायचं होतं," ती म्हणाली. "भाषणाची भीती वाटली म्हणून मीच कोंडायला सांगितलं, असं मी म्हटलं असतं. वकील सुटला असता. तेवढ्यावर भागलं नसतं का तुमचं?"

डॉक्टरांनी घसा खाकरला. वहिनींनी त्यांना हातानेच थांबवलं.

"भागलं असतं, बाळ," त्या म्हणाल्या.

मुलीने मान डोलावली, जणू तेवढंच तिला ऐकायचं होतं. मग ती दोन-दोन पायऱ्या उतरत मावशीला गाठायला धावली.