पेनड्राइव्हवरची खोली

दिराचा जुना लॅपटॉप सुरू होईस्तोवर माझी भांडी घासून व्हायची. पण त्याचा कॅमेरा चांगला होता, आणि मला कॅमेराच हवा होता. सोमवारपासून घरूनच ऑफिसचं काम सुरू करायचं होतं. मुलगी नुकती पालथी पडायला लागलेली. परत उताणं होणं अजून जमत नव्हतं. एकदा तिचं नाक गादीत रुतलेलं मी वेळेवर पाहिलं. तेव्हापासून तिच्याकडे पाठ करायची हिंमत होत नव्हती. लॅपटॉप तिच्या पलंगासमोर ठेवायचा आणि चित्र माझ्या फोनवर बघायचं, असा बेत होता.

म्हणून जुनी ऑपरेटिंग सिस्टीम पुसून ओपन सोर्सवाली, फुकट मिळणारी हलकी सिस्टीम टाकायची ठरवली. यात मला कोणाची मदत लागत नाही. फाइल उतरवली, ती धड उतरलीय ना हे पडताळलं, पेनड्राइव्हवर चढवली.

"वहिनी, जपून हं," दीर सोफ्यावरून म्हणाला. "पुसायच्या भरात पोरीलाही फॉरमॅट कराल."

"तिला कशाला भाऊजी, तुम्हालाच करते. आत तसंही फारसं काही नाही."

इन्स्टॉल करण्याआधी मी नेहमी सिस्टीम वापरून बघते. तेव्हा ती सगळी पेनड्राइव्हवरूनच चालते, डिस्कला हात लागत नाही. बंद केली की तिला काहीही आठवत नाही.

कॅमेरा लगेच चालला. स्वयंपाकघरात जाऊन फोनवर पाहिलं. मुलगी उताणी झोपलेली, पांघरूण छातीपर्यंत. वा.

मग लक्षात आलं, पांघरूण मी घातलंच नव्हतं. आत गेले. ती उघडीच होती. पांघरूण खुर्चीवर.

आधीचं चित्र अडकलं असेल, म्हटलं. पण आधीचं कुठलं? या सिस्टीमने कॅमेरा आत्ताच तर पहिल्यांदा उघडला होता.

बंद करून पुन्हा सुरू केलं आणि फोन घेऊन खोलीच्या दारातच उभी राहिले. फोनमध्ये खिडकीचा पडदा हलला. खोलीतलाही हलला, त्याच क्षणी, तेवढाच. चित्रातली मुलगी उताणी, शांत, पांघरुणात. पलंगावरची पालथी पडली होती आणि तिचं तोंड गादीत होतं.

मी धावत जाऊन तिला उचललं. ती रडली. ते रडणं ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

दोष कॅमेरा चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, ड्रायव्हरचा असणार. पेनड्राइव्हवरून चालताना असलं काहीबाही होतं. मी मुलीला कडेवर घेतलं, लॅपटॉपला डिस्क पूर्ण पुसायला सांगितलं आणि सिस्टीम रीतसर बसवली. स्क्रीनवरची पट्टी सरकत राहिली, मुलगी माझे केस ओढत राहिली. शेवटी पेनड्राइव्ह काढला, कॅमेरा लावला, आणि तिला घेऊनच बाहेर आले.

फोन दिराकडे दिला. "काय दिसतंय?"

"झोपलीय की मस्त," तो म्हणाला. मग मान वर केली आणि माझ्या कडेवर पाहिलं. फोन लगेच परत दिला.

चित्रात कोणीतरी खोलीत आलं.

माझाच गाऊन. केस नीट बांधलेले. तिला कसलीही घाई नव्हती.

तिने मुलीच्या नाकाजवळ बोट धरलं, मी धरते तसं. बोटाला श्वास जाणवला असावा. ती हसली.

मग तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

फोन काळा झाला.

"वहिनी, आत जाऊ नका."

मी गेले. पलंग रिकामा होता. लॅपटॉपचं झाकण मिटलेलं होतं.

माझ्या कडेवरची मुलगी दोन्ही हात पसरून त्या झाकणाकडे झेपावत होती, भूक लागली की फक्त माझ्याकडे झेपावते तशी.