शिडीखालचा वर्षकोश

रिसीव्हर टेबलावर आडवा पडला होता. त्यातून एका बाईचा आवाज सारखा "बाबा, अहो बाबा" म्हणत होता. बाबा कोसळलेल्या शिडीखाली मरून पडले होते.

ग्रंथालयाच्या या खोलीत फोन करून कुणीही काहीही विचारावं: इतिहास, व्याजदर, ग्रहणं, शब्दांचे अर्थ, कालच्या निवडणुका. उत्तर द्यायचे कोशबाबा. अगदी तोंडपाठ असलं तरी पुस्तक उघडल्याशिवाय बोलायचे नाहीत. हट्टीच माणूस!

अंत्यविधी उरकल्यावर इन्स्पेक्टरबाई तिथे आल्या, तेव्हाही फोन वाजत होता. उचलायला कुणी नव्हतं. प्रत्येक घंटीला कोशबाबांची मुलगी दचकत होती.

"मीच मारलं त्यांना," ती म्हणाली.

"कसं?"

"मुलाच्या अभ्यासाचं विचारायला फोन केला. 'थांब, बघून सांगतो' म्हणाले आणि धाडकन आवाज आला. आता कुठेही फोन वाजला की मला तेच ऐकू येतं. डोळा लागत नाही हो, मॅडम."

"विचारलं काय होतं?"

"शेजारच्या देशाचा नवा राष्ट्राध्यक्ष कोण. एवढंसं! लाजेनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. पहिल्यांदा तुम्हालाच सांगतेय."

बाईंनी खोली न्याहाळली. बुडालेली राजघराणी, मेलेल्या भाषा अशी कधीच न बदलणारी माहिती वर छतापाशी होती. लवकर शिळं होणारं सगळं खाली. टेबलालगतच्या फळीवर वर्षकोश ओळीनं उभे होते. यंदाच्या वर्षकोशाची जागा तेवढी रिकामी होती, कारण तो प्रेताजवळ सापडला होता.

एवढ्यात विभागप्रमुख आले.

"तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"वर, माझ्या केबिनमध्ये. आवाज ऐकून धावलो. शिडी चढू नका म्हणून कानीकपाळी ओरडत होतो! पण लेकीला राष्ट्राध्यक्षाचं नाव सांगायचं होतं ना. वर्षकोश काढायला चढले."

मुलीनं मान खाली घातली.

"या खोलीत तुमचं फारसं येणं नसतं, नाही का?" बाई म्हणाल्या.

"का?"

"वर्षकोश दिवसभर लागतो. खुर्चीत बसल्या बसल्या हाताला येतो. त्यासाठी शिडी चढायला कोशबाबांना काय वेड लागलं होतं? शिडी तुम्ही पाडलीत. पुस्तकही तुम्हीच ठेवलंत."

"हा तुमचा अंदाज झाला."

"बरं. मग तिचा प्रश्न तुम्हाला कुणी सांगितला?"

"तिनंच... असेल."

"मी नाही सांगितला!" मुलगी ताडकन उठली. "पण बाबा प्रत्येक प्रश्न मोठ्यानं परत म्हणायचे."

"आणि तो ऐकायला हे समोरच उभे होते," बाई म्हणाल्या.

प्रमुख मुलीकडे वळले.

"ग्रंथालयाच्या नव्या इतिहासकोशात मी एका बड्या घराण्याचा खोटा पराक्रम घातला होता. कोशबाबा म्हणाले, फोन करणाऱ्या प्रत्येकाला खरं सांगणार. मी हातापाया पडलो. तुमचा फोन आला, तरी माझ्याकडे बघत नुसती नकाराची मान हलवत होते. मी ढकललं. टेबलाचा कोपरा लागला..."

हवालदार त्यांना घेऊन गेला. खोलीत दोघीच उरल्या.

"म्हणजे ते माझ्यासाठी चढले नाहीत?" मुलीनं विचारलं.

"चढलेच नाहीत."

ती ओक्साबोक्शी रडू लागली. इतके दिवस ती नुसती स्वतःला शिव्या घालत होती. बाबांसाठी रडली ती आज.