एकोणतीस मिलिमीटर

तिने नुसती मान वळवली, तेवढ्यात समोरच्या माणसाने बरणीतला कापूस उचललासुद्धा!

"अहो, हात नका लावू! मुलांना दाखवायचाय तो."

पांढरकवड्याच्या कॉलेजात नव्या मुलांचं स्वागत चाललं होतं. गुलाबाचं फूल, पेढा, अन् मग विषयांचा फॉर्म. वनस्पतिशास्त्राच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून प्राध्यापक सत्यशीला सकाळपासून उभी होती. चौदा नावं आली होती. संध्याकाळी पाच वाजेपर्यंत पंधरावं आलं नाही, तर यंदा वर्गच बंद, आणि तासिकेवर शिकवणाऱ्या सत्यशीलाला घरचा रस्ता. जिवाला नुसता घोर लागला होता.

त्या माणसाने मात्र पुंजका दोन्ही चिमटींत धरून ओढला, जुळवला, पुन्हा ओढला. "धागा एकोणतीस मिलिमीटर. दुसऱ्या वेचणीचा हाये."

"काहीतरीच!" तिने त्यातले दोन-चार धागे काळ्या कागदावर ठेवून पट्टी लावली. बरोब्बर एकोणतीस! आणि दुसऱ्या वेचणीलाच तर तिने तो शेतातून आणला होता. ती त्याच्या बोटांकडे बघतच राहिली…

"जिनिंगमध्ये ग्रेडर हावो मॅडम, कापसाची प्रत ठरवतो. बारा वर्षं हेच करून राह्यलो." तो लाजला. "संघर्ष नाव माह्यं. बहिणीले सोडाले आलतो." मागे निकिता गुलाब फिरवत उभी होती.

"मग आता माझी पाळी. इथे डोळा लावा."

त्याने वाकून डोळा लावला.

"हे… पीळ पडलेल्या रिबिनीवानी… हा कापूस हाये?"

"त्यातला एकच धागा. अख्खा धागा म्हणजे एकच पेशी."

"बापा बापा!" त्याचा डोळा काही निघेना. "बारा वर्षं हातात घेऊन राह्यलो, अन् आत हे होतं? मले कोणी सांगतलंच नाही…"

सत्यशीलाला गलबलून आलं. एवढी वर्षं ती दाखवत होती, पण असं पाहणारं कुणी भेटलंच नव्हतं.

"मॅडम… तुमचा केस पाहता येते काय याच्यात?"

"दादा!" निकिता ओरडली.

"येतो की," सत्यशीला म्हणाली. "पण तो इतक्या सहज मिळत नाही." म्हणाली खरी, अन् तिचे कान तापले.

"हिचं नाव लिहा मॅडम. हाच विषय."

पंधरावं नाव! तिने पेन उचललंसुद्धा. मग खाली ठेवलं.

"तिला विचारा. शिकायचं तिला आहे." बोलून गेली आणि यादीतली चौदा नावं पुन्हा मोजली.

"मले तं कॉम्प्युटर घ्याचं होतं," म्हणत निकिताने डोळा लावला. एक मिनिट… दोन मिनिटं… मागे पोरं खोळंबली, तरी ती हलेना. शेवटी तिने न बघताच हात पुढे केला. "पेन द्या मॅडम."

सत्यशीलाने किती वेळाने श्वास सोडला!

"मी रोज सोडून देत जाईन इले," संघर्ष घाईघाईने म्हणाला.

"काहून? एसटी थांबते ना फाट्यावर!" निकिताने दोघांकडे पाहिलं आणि हसली. "दादा, मॅडमनंच सांगतलं ना? जिचं तिले विचाराचं."

संघर्षची मान खाली गेली. कापसाचा पुंजका अजून त्याच्या चिमटीतच होता. "मॅडम… येऊ काय?"

"नवा कापूस निघाला की पहिल्या वेचणीचा घेऊन या," सत्यशीला म्हणाली. "तोवर… असेच या."